स्कॉटलंडमधल्या पूर्वजांचा माग: गावोगावचे दप्तरखाने कसे वापरायचे

स्कॉटलंडमधल्या पूर्वजांचा शोध सुरू केला की पहिल्याच बैठकीत भरपूर हाती लागतं. सरकारी संकेतस्थळ उघडायचं, आडनाव टाकायचं, आणि खापरपणजोबांच्या लग्नाचा दाखला समोर येतो. इतकी सोय फार थोड्या देशांत आहे. पण बहुतेक लोक तिथेच थांबतात आणि मला त्याची मनापासून हळहळ वाटते. दाखल्यावर नावं आणि तारखा मिळतात. तो माणूस भाडं कुणाला देत होता, तो परागंदा झाल्यावर बायकोने कुणाच्या दारी मदत मागितली, पोराला शाळेतून का काढलं, हे त्या त्या भागातल्या दप्तरखान्यात लिहून ठेवलेलं आहे आणि त्यातलं थोडंच आजवर इंटरनेटवर आलं आहे.

त्या दप्तरखान्यांपर्यंत कसं पोचायचं हे इथे सांगतो. एडिंबरा, ग्लासगो, ॲबरडीनला स्थायिक झालेल्या मराठी घरांत स्कॉटिश सून किंवा जावई असणं आता नवलाचं राहिलेलं नाही, आणि मुलांना दोन्हीकडचं घराणं सांगता यावं असं आईवडिलांना वाटतंच. इतिहासाच्या अभ्यासकांनाही याचा उपयोग आहे. साताऱ्याचा रेसिडेंट आणि मराठ्यांचा इतिहास लिहिणारा जेम्स ग्रँट डफ स्कॉटिश होता. महाबळेश्वरच्या माल्कम पेठेला ज्याचं नाव मिळालं तो जॉन माल्कमही स्कॉटिश.

पायरी पहिली: आधी दाखले, आणि तेही शेवटच्या रकान्यापर्यंत

दप्तरखान्यात रिकाम्या हाताने जाऊ नका. आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, जुने फोटो, पत्रं, बायबलच्या पहिल्या पानावरची नावं पाहा. मग ‘स्कॉटलंड्स पीपल’ या संकेतस्थळावर या. ते नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंड ही सरकारी संस्था चालवते. नाव नोंदवून सूचीत शोधायला पैसे पडत नाहीत. मूळ पानाची प्रतिमा पाहायची तर बहुतेक वेळा क्रेडिट विकत घ्यावे लागतात.

स्कॉटलंडमध्ये जन्म, विवाह आणि मृत्यूची सक्तीची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ रोजी सुरू झाली. इंग्लंडमध्ये ती १८३७ पासूनच होती, पण उशिरा सुरू करून स्कॉटलंडने ती जास्त बारकाईने केली. इथल्या मृत्यूच्या दाखल्यावर मेलेल्या माणसाच्या आईवडिलांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावही असतं. लग्नाच्या दाखल्यावर वर आणि वधू दोघांच्याही आईवडिलांची नावं असतात. म्हणजे १८६० साली वारलेल्या ऐंशी वर्षांच्या म्हातारीचा दाखला मिळाला की थेट अठराव्या शतकातली तिच्या आईवडिलांची जोडी समोर येते. अर्थात ती नावं सांगणारा जावई किंवा शेजारी असेल तर चूक होऊ शकते; माहिती कुणी दिली तो रकाना न वाचता पुढे जाऊ नका.

तुमच्या घराण्यात कुणी १८५५ या वर्षात जन्मलेलं, लग्न केलेलं किंवा वारलेलं असेल तर आधी तोच दाखला काढा. त्या पहिल्या वर्षी नोंदणीचा फॉर्म फार लांबलचक होता. मुलाच्या जन्माच्या नोंदीत आईवडिलांची वयं, त्यांची जन्मस्थळं, त्यांचं लग्न कधी आणि कुठे झालं, आधीची मुलं किती, असं सगळं विचारलं जायचं. कारकुनांना ते झेपेना, म्हणून १८५६ पासून बरेच रकाने गेले. आईवडिलांच्या लग्नाची तारीख आणि ठिकाण तेवढं १८६१ पासून जन्माच्या दाखल्यावर परत आलं.

अलीकडच्या नोंदींची प्रतिमा घरबसल्या दिसत नाही. जन्माला शंभर वर्षं, लग्नाला पंचाहत्तर आणि मृत्यूला पन्नास वर्षं व्हावी लागतात. त्याहून नवी नोंद पाहायची तर एडिंबऱ्यातल्या केंद्रात किंवा ग्लासगो, इन्व्हर्नेस, किलमार्नॉक, हॉइक अशा ठिकाणच्या केंद्रांत दिवसाची फी भरून बसता येतं. जनगणना १८४१ पासून १९२१ पर्यंतची खुली आहे. १८४१ ची जपून वापरा: पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलेली आहेत, आणि जन्म त्याच काउंटीत (म्हणजे जुन्या जिल्ह्यात) झाला का, एवढंच त्यात कळतं. १८५१ पासून जन्माची पॅरिश लिहिलेली असते, आणि ती पॅरिश हीच पुढच्या सगळ्या कामाची किल्ली आहे.

पायरी दुसरी: पॅरिश पक्की करा, मग दप्तरखाना आपोआप ठरतो

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख. स्कॉटलंडमध्ये अशा नऊशेहून जास्त पॅरिश होत्या. बाप्तिस्मा, लग्न, गरिबांना मदत, शाळा हे सारं शतकानुशतकं पॅरिशवारीने चाललं आणि कागदही त्याच हिशेबाने जमा झाले. ‘आमचं घराणं हायलँडमधलं’ एवढ्यावर कोणताही दप्तरदार काही काढून देऊ शकत नाही. पॅरिशचं नाव आणि दहाएक वर्षांचा काळ सांगितलात तर तो लगेच उठून कपाटाकडे जाईल.

नवख्यांचा घोटाळा होतो तो जुन्या काउंटी आणि आजच्या कौन्सिलमध्ये, म्हणजे स्थानिक कारभार पाहणाऱ्या संस्थेमध्ये. १९७५ मध्ये जुन्या काउंट्या कारभारातून गेल्या आणि मोठे प्रदेश आले. १९९६ मध्ये तेही जाऊन आजची ३२ कौन्सिलं आली. दाखल्यावर जुन्या काउंटीचं नाव असतं, कागद मात्र आजच्या कौन्सिलकडे असतात. ग्रँट डफचंच पाहा. तो १७८९ साली बॅन्फ गावात जन्मला. बॅन्फ हे बॅन्फशायर काउंटीचं मुख्य ठिकाण. आज बॅन्फशायर नावाचं कौन्सिल नाही; त्या काउंटीचा काही भाग मोरे कौन्सिलमध्ये गेला, काही ॲबरडीनशायरमध्ये, आणि बॅन्फ गाव ॲबरडीनशायरमध्ये आलं. माल्कम १७६९ मध्ये लँगहोमजवळ जन्मला. तो भाग जुन्या डमफ्रीसशायरचा, त्यामुळे तिथली चौकशी डमफ्रीसच्या यूअर्ट लायब्ररीत.

पॅरिश आणि तिची आजची जागा जुळवायला नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने ऑनलाइन ठेवलेले जुने नकाशे वापरा. ते फुकट आहेत. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-खात्याच्या एकोणिसाव्या शतकातल्या नकाशांवर एकेकटी शेतघरंसुद्धा नावानिशी दाखवलेली आहेत, आणि जनगणनेत पत्ता म्हणून नेमकं तेच शेतघराचं नाव असतं. नकाशा उघडा, घर शोधा, जवळचं चर्च कोणतं, शाळा कोणती, पॅरिशची हद्द कुठून जाते ते पाहा. घर हद्दीवर असेल तर शेजारच्या पॅरिशचे कागदही तुमच्या यादीत आले. शिवाय १७९० च्या दशकात आणि पुन्हा १८३४ ते १८४५ दरम्यान प्रत्येक पॅरिशच्या पाद्र्याने आपल्या मुलखाचं वर्णन लिहून दिलं: पीक काय, मजुरी किती, लोक गेलिक बोलतात का, गरीब किती. ही ‘स्टॅटिस्टिकल अकाउंट्स’ ऑनलाइन वाचता येतात. तुमच्या पॅरिशचं प्रकरण दप्तरखान्यात जाण्याआधी वाचाच.

आता कोणतं दार ठोठवायचं? मुख्य दारं चार. पहिलं कौन्सिलचा दप्तरखाना. खरं घबाड इथेच. दुसरं सार्वजनिक वाचनालयातला स्थानिक इतिहासाचा विभाग, जिथे जुनी वर्तमानपत्रं, मतदारयाद्या आणि व्यवसायांच्या डिरेक्टऱ्या असतात. तिसरं त्या भागातली कुटुंब-इतिहास मंडळं. हौशी माणसांनी वर्षानुवर्षं स्मशानभूमीतल्या दगडांवरचे लेख उतरवून घेतले आहेत, आणि त्यातले कित्येक दगड आज वाचण्याजोगे राहिलेले नाहीत. चौथं दार एडिंबऱ्यातलं नॅशनल रेकॉर्ड्स, प्रिन्सेस स्ट्रीटच्या पूर्व टोकाला, रॉबर्ट ॲडमने आराखडा केलेल्या आणि १७७४ साली पाया घातलेल्या जनरल रजिस्टर हाउसमध्ये.

एका कौन्सिलचे कागद एकाच इमारतीत असतील असं धरून चालू नका. हायलँड कौन्सिलचे दप्तरखाने चार आहेत: इन्व्हर्नेस, फोर्ट विल्यम, स्काय बेटावरचं पोर्ट्री, आणि अगदी उत्तरेला विक. विकच्या इमारतीत केथनेसच्या जुन्या कागदांशेजारी ब्रिटनच्या अणुउद्योगाचं दप्तर आहे. ऑर्कनीसाठी कर्कवॉल, शेटलंडसाठी लर्विक, पर्थशायरसाठी पर्थची ए. के. बेल लायब्ररी, आणि ग्लासगोसाठी मिचेल लायब्ररी. ॲबरडीनच्या नगरसभेच्या वह्या १३९८ पासूनच्या आहेत आणि २०१३ मध्ये युनेस्कोच्या ब्रिटनमधल्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ यादीत त्यांना स्थान मिळालं. त्या लॅटिन आणि जुन्या स्कॉट्स भाषेत आहेत, नवख्याने त्यांच्यापासून सुरुवात करण्यात अर्थ नाही.

पायरी तिसरी: निघण्याआधी मेल

ही पायरी कंटाळून गाळली जाते आणि मग लोक बंद दरवाजासमोर उभे राहतात. लहान दप्तरखाने आठवड्यातले मोजकेच दिवस उघडे असतात, काही ठिकाणी दुपारी बंद, आणि टेबल आधी राखून ठेवावं लागतं. जुन्या वह्या कित्येकदा दुसऱ्या गोदामात असतात आणि त्या आणायला दिवस लागतात.

मेल आटोपशीर लिहा. माणसाचं नाव, पॅरिश, अंदाजे काळ, आतापर्यंत काय सापडलं, आणि एक प्रश्न. पूर्ण वंशवेल जोडू नका. ‘अमुक बाई १८७१ च्या जनगणनेत विधवा आणि निराधार म्हणून लिहिलेली आहे, तिने या पॅरिशमध्ये मदत मागितली होती का, त्या वर्षांचे अर्ज तुमच्याकडे आहेत का?’ असा प्रश्न विचारला की नेमकं उत्तर येतं. ‘आमच्या घराण्याची माहिती पाठवा’ असं लिहिलं की दरपत्रक येतं. दप्तरदाराचं काम कागद सांभाळणं आणि तो कुठे आहे ते सांगणं. तुमच्या वतीने शोध घेणं ही बहुतेक ठिकाणी वेगळी, पैसे देऊन घ्यायची सेवा आहे.

तीन गोष्टी मेलमध्येच विचारून घ्या: फोटो काढता येतो का आणि त्याची फी किती, वाचक म्हणून नाव नोंदवायला कोणती ओळखपत्रं लागतात, आणि हव्या त्या वर्षांच्या वह्या खुल्या आहेत की गोपनीयतेमुळे बंद. शाळा, इस्पितळं आणि गरीब-मदत यांच्या नोंदी ठरावीक वर्षं उलटेपर्यंत बंद राहतात, रुग्णांच्या नोंदी तर साधारण शंभर वर्षं.

पायरी चौथी: वाचनकक्षात

बॅग, कोट, पाण्याची बाटली बाहेर लॉकरमध्ये. आत पेन्सिल, वही, लॅपटॉप, फोन. पेन चालत नाही. वही उघडायला फोमच्या उशा देतात, पानं धरायला शिशाचे मणी भरलेली कापडी दोरी देतात. पान उलटताना बोट ओलं करायचं नाही, ओळीखाली बोट फिरवायचं नाही. कागदाची पट्टी पानावर ठेवून ओळ धरा.

एका वेळी एकच वही मागा आणि फोटो काढण्याआधी तिचा संदर्भ क्रमांक लिहिलेली चिठ्ठी पहिल्या फोटोत येऊ द्या. घरी गेल्यावर शंभर फोटोंत कोणतं पान कोणत्या वहीचं हे आठवत नसतं. काही सापडलं नाही तरी ते टिपून ठेवा: कोणती वही, कोणती वर्षं, कोणतं नाव, निष्पन्न काही नाही. पुढच्या वर्षी तीच वही परत मागायची वेळ येत नाही.

पायरी पाचवी: मागायचं काय

माझ्या मते सगळ्यात आधी गरीब-मदतीचे अर्ज. १८४५ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशमध्ये मंडळ बसवलं आणि गरिबांचा निरीक्षक नेमला. धडधाकट बेकाराला मदतीचा हक्क नव्हता. आजारी, म्हातारे, विधवा, टाकलेल्या बायका, अनाथ मुलं यांना होता. पण पैसे कोणत्या पॅरिशने द्यायचे यावरून पॅरिशांमध्ये कायम ओढाताण. माणूस जिथला, तिथल्या पॅरिशने द्यायचे. आणि ‘जिथला’ ठरायचं जन्मावरून, नवऱ्यावरून, बापावरून किंवा सलग पाच वर्षांच्या वास्तव्यावरून. म्हणून निरीक्षक खोदून खोदून विचारायचा, आणि त्याच्या या चौकशीमुळे आज आपल्याला इतकं सापडतं.

समजा, १८८० च्या सुमाराला ग्लासगोत एका बाईने अर्ज केला. पानाच्या वरच्या भागात तिचं नाव, माहेरचं आडनाव, वय, धर्म, जन्माचं ठिकाण, राहण्याची जागा आणि भाडं. खाली नवऱ्याचं नाव, धंदा, लग्न कधी, कुठे, कुणी लावलं. मग मुलं, वयासकट, आणि कमावतं कोण. मग तिच्या आईवडिलांची नावं, नवऱ्याच्या आईवडिलांची नावं, कोण जिवंत, कोण मेलेलं. मग गेल्या काही वर्षांतले पत्ते, प्रत्येक ठिकाणी किती महिने काढले. निरीक्षक घरी कधी गेला. शेवटी त्याचा शेरा: नवरा दोन महिन्यांपूर्वी निघून गेला, बाई बाळंतपणाच्या जवळ आहे, अमुक शिलिंग मंजूर. पुढच्या अर्जांत हीच बाई परत येते, आणि दर वेळी तपशिलाची भर पडते. एका पानावर तीन पिढ्या, आणि त्यांच्या सगळ्यात वाईट दिवसाची हकीकत. हे पान वाचताना घाई करू नका; ती बाई कुणाची तरी पणजी आहे, कदाचित तुमच्या घरातलीच.

मिचेल लायब्ररीत असलेल्या ग्लासगो नगर दप्तरखान्यात १८५१ पासूनचे असे दहा लाखांहून जास्त अर्ज आहेत, आणि नावानिशी शोधता येण्याजोगी सूची आहे. पूर्वज आयर्लंडमधून ग्लासगोला आलेला असेल तर हे अर्ज सोन्याच्या मोलाचे. जनगणनेत त्याच्यापुढे बहुधा नुसतं ‘आयर्लंड’ असतं. अर्जात मात्र काउंटी आणि कित्येकदा पॅरिशही असते, कारण माणूस परत धाडायचा तर कुठे हे निरीक्षकाला माहीत हवं. आयर्लंडच्या एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक जनगणना नष्ट झालेल्या असल्यामुळे हा दुवा दुसरीकडे मिळणं कठीण असतं. ग्लासगोबाहेर सगळीकडे इतके सलग अर्ज टिकलेले नाहीत, पण मंडळाच्या सभांची इतिवृत्तं आणि मदत घेणाऱ्यांच्या वह्या बऱ्याच भागांत आहेत.

१८५५ च्या मागे जायचं तर चर्चच्या वह्या. सर्वांत जुनी बाप्तिस्म्यांची वही पर्थशायरमधल्या एरल पॅरिशची, १५५३ सालची. पण कित्येक पॅरिशच्या वह्या अठराव्या शतकात सुरू होतात आणि मध्ये पानंच्या पानं गायब असतात. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेनी कर होता, म्हणून अनेकांनी नोंद केलीच नाही. १८४३ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंड फुटलं, मोठा गट फ्री चर्च म्हणून बाहेर पडला, आणि त्यांची मुलं जुन्या वहीत सापडत नाहीत. दफनाच्या नोंदी त्याहून तुटपुंज्या. पुष्कळदा मृत्यूचा एकमेव पुरावा म्हणजे शवपेटीवर घालायच्या काळ्या कापडाचं, मॉर्टक्लॉथचं, चर्चने घेतलेलं भाडं.

बाप्तिस्मा सापडला नाही तर कर्क सेशनची इतिवृत्तं उघडा. कर्क सेशन म्हणजे पाद्री आणि गावातले वडीलधारे यांची सभा. पॅरिशची नीतिमत्ता आणि धर्मादाय दोन्ही तिच्या हातात. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलीला बोलावून बापाचं नाव विचारायचे, मग त्या पुरुषाला बोलवायचे, त्याने नाकारलं तर साक्षीदार. पाद्र्याशिवाय, साक्षीदारांसमोर केलेलं लग्न स्कॉटलंडमध्ये १९४० पर्यंत कायदेशीर होतं, पण चर्चला ते मान्य नसायचं. मग जोडप्याला दंड, आणि तो दंड वहीत. दाखल्यावर वडिलांचा रकाना कोरा असेल तेव्हा हाच रस्ता. या वह्यांच्या प्रतिमा ‘स्कॉटलंड्स पीपल’वर फुकट आहेत. त्यांना नावांची सूची नाही, म्हणून पॅरिश आणि वर्ष माहीत असल्याशिवाय हात घालू नका. मूळ वह्यांपैकी काही आपापल्या भागातल्या दप्तरखान्यात ठेवलेल्या आहेत. १८५५ नंतरच्या मुलाबाबत दाखल्याच्या समासात दुरुस्तीच्या नोंदवहीचा उल्लेख आहे का ते बघा. आईने शेरीफ कोर्टात दावा लावून पितृत्व सिद्ध केलं असेल तर ते तिथे कळतं.

शाळेचे कागद माझ्या विशेष आवडीचे. १८७२ च्या कायद्याने पाच ते तेरा वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचं झालं, आणि मुख्याध्यापकाला रोजनिशीसारखी लॉगबुक ठेवावी लागे. बटाटे काढायच्या दिवसांत वर्ग ओस पडले, गोवराची साथ आली म्हणून शाळा बंद, बर्फामुळे दूरच्या शेतांवरची मुलं आली नाहीत, असं त्यात असतं. तुमच्या पूर्वजाचं नाव क्वचितच मिळेल. तो ज्या आठवड्यात शाळेत होता तो आठवडा मात्र मिळेल. नाव हवं तर प्रवेशवही मागा: जन्मतारीख, पालक, पत्ता, आधीची शाळा, आणि शाळा सोडल्याचं कारण.

जनगणना दहा वर्षांनी होते. मधली वर्षं भरायला व्हॅल्युएशन रोल. १८५५ पासून दर वर्षी प्रत्येक मालमत्तेचा मालक, भाडेकरू आणि भाडं यांची यादी होत असे. संकेतस्थळावर मोजकीच वर्षं आहेत, दप्तरखान्यात बहुधा सलग रांग. एकाच घराचं नाव धरून वर्षावर्षाने पुढे गेलात की भाडेकरूचं नाव कधी बदललं, म्हणजे कुटुंब कधी हललं किंवा घरधनी कधी वारला, ते कळतं. यात घरातल्या कर्त्याचंच नाव असतं, आणि वर्षाला चार पौंडांहून कमी भाड्याचे भाडेकरू गाळले जाऊ शकत.

बाकीचं थोडक्यात. दफनभूमीच्या वह्यांत थडग्याच्या जागेला ‘लेअर’ म्हणतात. लेअर विकत कुणी घेतली आणि तिच्यात कोण कोण आहे हे कौन्सिलकडे मिळतं, दगड नसला तरी. जमीनखरेदीची सेझिन नोंदवही १६१७ पासून आहे, पण बहुतेक लोक कुळंच होते, त्यामुळे ती थोड्यांच्याच कामाची. १८६८ पर्यंत जमीन मृत्युपत्राने सरळ देता येत नसे, म्हणून जुन्या मृत्युपत्रात घरदार दिसलं नाही तर माणूस निर्धन होता असं समजू नका. कूळ कुणाचं होतं ते कळलं की त्या जमीनदाराच्या इस्टेटीचे कागद शोधा. भाडेपट्टे, थकबाकी, हायलँडमधल्या बेदखलीच्या याद्या त्यात असतात. काही नॅशनल रेकॉर्ड्समध्ये आहेत, काही अजून त्या त्या घराण्यांकडे.

पायरी सहावी: अक्षर, तारखा आणि सारख्या नावांची माणसं

एकोणिसाव्या शतकाचं अक्षर आठवड्याभरात सरावाचं होतं. सतराव्या शतकाची सेक्रेटरी लिपी वेगळी शिकावी लागते. नॅशनल रेकॉर्ड्सचे त्यासाठी मोफत ऑनलाइन धडे आहेत. अडलात तर त्याच लेखकाच्या त्याच पानावर ओळखीचा शब्द, महिन्याचं नाव किंवा पॅरिशचं नाव शोधा आणि त्यातली अक्षरं जुळवा. नावांच्या आधी ‘रिलिक्ट’ आलं तर विधवा. विवाहित बाई कागदोपत्री माहेरच्या आडनावानेच येते, तेव्हा दोन्ही आडनावांनी शोधा. मॅक, एमसी आणि एमपुढे नुसता स्वल्पविरामासारखा फटकारा, ही तिन्ही रूपं एकाच आडनावाची असू शकतात.

स्कॉटलंडमध्ये १६०० पासून वर्ष १ जानेवारीला सुरू होतं. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत ते २५ मार्चला सुरू व्हायचं. दोन्हीकडचे कागद एकत्र लावताना जानेवारी ते मार्चच्या तारखा तपासा.

सारख्या नावांचा त्रास मोठा. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात तशीच चाल तिथे होती, आणि बरीच काटेकोर: थोरला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या, तिसरा वडिलांच्या, थोरली मुलगी आईच्या आईच्या नावाची, दुसरी वडिलांच्या आईच्या. त्यामुळे एका आजोबांचे चार मुलगे असतील तर एकाच पॅरिशमध्ये एकाच वयाचे चार जॉन तयार होतात. हा क्रम अंदाज बांधायला छान आहे, पुरावा म्हणून नाही. जॉन आपलाच की नाही हे ठरवायला निदान दोन स्वतंत्र कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत: बायकोचं माहेरचं आडनाव, शेतघराचं नाव, धंदा. जुळत नसेल तर ती फांदी पेन्सिलीतच ठेवा. इंटरनेटवर दुसऱ्याने बनवलेली वंशवेल तपासल्याशिवाय आपल्या झाडाला जोडू नका.

भारतात बसून करायचं असेल तर

बरंच काम जमतं. नकाशे, कर्क सेशन, दाखले, जनगणना घरूनच. दप्तरखान्याच्या सूची ऑनलाइन चाळून संदर्भ क्रमांक काढा आणि त्या क्रमांकासकट प्रत मागवा. नेमकं पान सांगितलंत तर काम लवकर होतं आणि खर्चही कमी येतो. पूर्ण वही चाळायची असेल तर तासावर काम करणारा तिथलाच संशोधक गाठा, आणि त्याला आधी काय काय बघून झालंय ते लिहून द्या.

पूर्वज मुंबई इलाख्यात आलेला असेल, सैनिक, कंपनीचा नोकर किंवा रेल्वेचा माणूस म्हणून, तर त्याचे इकडचे कागद स्कॉटलंडमध्ये शोधू नका. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात आहेत. त्या नोंदीतून वय आणि वडिलांचं नाव घ्या, आणि मग पॅरिश शोधायला स्कॉटलंडला परता. मिशनरी असेल तर चर्चच्या परदेशी मिशनचा पत्रव्यवहार एडिंबऱ्याच्या नॅशनल लायब्ररीत आहे. विल्सन कॉलेजचे डॉ. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईला आले, पण जन्मले १८०४ साली बर्विकशायरमधल्या लॉडरला. त्यांचा अभ्यास करणाऱ्याने मुंबईच्या कामाची पत्रं एडिंबऱ्यात पाहावीत आणि घराण्याची चौकशी हॉइकच्या हेरिटेज हबकडे करावी, कारण जुनं बर्विकशायर आता स्कॉटिश बॉर्डर्स कौन्सिलमध्ये येतं.